ॲथलेटिक्समध्ये अकरा वर्षांच्या मुलाला एकच प्रकार की सगळं थोडं थोडं?

शाळेच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत पदक हवं असेल, तर एकच प्रकार घोटून घेणं हा जवळचा रस्ता. रोज शंभर मीटर, रोज स्टार्ट. वेळ भराभर सुधारते, पालकही खूश. पण त्यातली बरीचशी सुधारणा उंची वाढल्याची असते, हे कोच सहसा सांगत नाहीत!

दुसरा मार्ग जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या किड्स ॲथलेटिक्सचा. मूळ आराखड्यात ७-८, ९-१० आणि ११-१२ असे वयोगट. मुलं-मुली एकाच संघात. एकाच रिलेत सपाट धाव, छोटे हर्डल्स आणि खांबांमधून नागमोडी पळणं. शिवाय क्रॉस-हॉप, म्हणजे मधून मागे-पुढे, डावी-उजवीकडे उड्या, आणि गुडघ्यावर बसून बॉल फेकणं. गुण संघाला, त्यामुळे मागे पडणाऱ्यालाही बाकावर बसावं लागत नाही. पदकांच्या दृष्टीने मात्र हा मार्ग संथ.

माझा कौल बारा-तेरापर्यंत दुसऱ्यालाच. कारण गुडघा. उंची झपाट्याने वाढते तेव्हा वाटीखाली, जिथे स्नायूबंध नडगीला चिकटतो, तिथलं हाड अजून कच्चं असतं. त्याच त्या उड्या आणि स्प्रिंट रोज केले की तिथे टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं. अशा वेळी 'चालतंय रे, पळ' म्हणणारा कोच बदलावा.

उशीर होईल ही भीतीही फारशी खरी नाही. बीडचा धावपटू अविनाश साबळे स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या लांब शर्यतीकडे, वळला तो सैन्यात गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यातच रौप्य.

चौदा-पंधरानंतर एक-दोन प्रकार निवडायला हरकत नाही.