अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर: जाहिराती लादणारे प्रोग्रॅम काढणारे साधन घरच्या संगणकावर वापरून पाहिल्यानंतर

वडगावातील आमच्या घरचा संगणक साऱ्या घराचा आहे. मागाच्या सुताची बिले त्यावरच होतात, शेताचा उतारा त्यावरच पाहिला जातो आणि धाकट्या मुलीचा अभ्यासही त्यावरच चालतो. कचेरीत द्यायचा एक अर्ज कन्नडमध्ये टंकून हवा होता, म्हणून मुलीने शोधात सर्वांत वर दिसलेल्या दुव्यावरून कन्नड टंकलेखनाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. ते संकेतस्थळ मूळ निर्मात्याचे नव्हते. ‘नेक्स्ट’ दाबत गेल्यामुळे सोबत आणखी दोन प्रोग्रॅम बसले. ब्राउझरचे पहिले पान बदलले आणि ज्या पानांवर कधी जाहिरात नसे, तेथेही जाहिराती उमटू लागल्या.

घाबरून आम्ही आधी एक ‘मोफत तपासणी’ करणारे सॉफ्टवेअर घेतले. त्याने तीनशेहून अधिक धोके दाखवून ते काढण्यासाठी पैसे मागितले. यादी उघडून वाचली, तेव्हा त्यातील जवळजवळ सर्व नोंदी जाहिरातींच्या कुकीज निघाल्या. कुकीला अशा यादीत बसवणे मला सरळ फसवणूक वाटते. संकेतस्थळाने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली ती मजकुराची छोटी नोंद असते. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू मॉंटुली यांनी ती योजली. ती प्रोग्रॅमसारखी चालत नाही आणि आपल्या फायली वाचू शकत नाही. एकाच जाहिरात कंपनीच्या जाहिरातींचे तुकडे अनेक संकेतस्थळांवर बसवलेले असतात आणि ते सगळीकडे तीच कुकी वाचतात, त्यामुळे एका दुकानाच्या पानावर इरकली साडी पाहिली की बातम्यांच्या पानावरही तीच साडी समोर येते. हा प्रश्न खासगीपणाचा आहे आणि तो गंभीरच आहे, परंतु संगणकात शिरून टंकलेले टिपणाऱ्या स्पायवेअरशी त्याची गल्लत करता कामा नये.

अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर ही गल्लत करत नाही, म्हणून ते मला आवडले. २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे असलेले हे साधन विनामूल्य आहे, आणि ते संगणकावर बसवावेही लागत नाही. उतरवलेली फाइल थेट चालते. जाहिराती लादणारे प्रोग्रॅम, नको असलेल्या टूलबार आणि ब्राउझरच्या बदललेल्या मांडण्या (सेटिंग्ज) ते शोधते, यादी समोर ठेवते आणि आपण खूण केलेल्या गोष्टी विलगीकरणात टाकते. चुकून काही कामाचे गेले, तर ते परत आणता येते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आमचे पहिले पान पूर्ववत झाले. संगणकासोबत कंपनीने आधीच बसवून दिलेले प्रोग्रॅम ते वेगळे दाखवते. त्यांवर मात्र विचार केल्याशिवाय खूण करू नये.

त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. ते सतत पहारा देत नाही, त्यामुळे विंडोजमधील डिफेंडर हा व्हायरसविरोधी प्रोग्रॅम चालूच ठेवावा लागतो. कोपऱ्यात उसळणाऱ्या काही जाहिराती साफसफाईनंतरही राहिल्या, कारण आम्हीच कधीतरी एका संकेतस्थळाला सूचना (नोटिफिकेशन) पाठवण्याची परवानगी दिली होती. ती ब्राउझरच्या मांडणीत जाऊन हाताने काढावी लागली. ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी ‘अलाउ’ दाबून मोकळी होतात, त्यांनी हे आधी तपासावे.

कुकीजसाठी ब्राउझरमध्येच सोय आहे. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज स्वतंत्र ठेवल्या जातात, त्यामुळे जाहिरातदाराला एका पानावरून दुसऱ्या पानावर माग काढणे अवघड जाते. क्रोममध्ये मात्र थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे पाहत असलेल्या संकेतस्थळाऐवजी जाहिरातदारासारख्या तिसऱ्याच्या कुकीज, अडवण्याची निवड स्वतः करावी लागते. सर्व कुकीज सरसकट पुसल्या, तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून पासवर्ड हाताशी असतील तेव्हाच ते करावे.

कन्नड टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आम्ही नंतर मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेतले आणि अर्ज दुसऱ्या दिवशी कचेरीत दिला.