ग्नू डीडीरेस्क्यू : आजारी हार्ड डिस्कची आधी प्रत, मग शोधाशोध

हार्ड डिस्क दगा देऊ लागली की बहुतेक जण एखादे रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि थेट त्या आजारी डिस्कवरच चालवतात. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला, मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळणारा ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम मात्र एकही फाईल शोधत नाही; तो डिस्कवरचे सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे ठरावीक तुकडे) जसेच्या तसे वाचून दुसऱ्या डिस्कवर किंवा इमेज फाईलमध्ये (संपूर्ण डिस्कची एकाच फाईलमधली प्रत) उतरवतो, एवढेच. एका परिचितांच्या डिस्कवर तो वापरल्यानंतर हे एकच काम किती विचारपूर्वक केले आहे याची मला खात्री पटली.

साधी कॉपी खराब सेक्टरपाशी अडून बसते आणि तेवढ्या वेळात डिस्क आणखी झिजते. डीडीरेस्क्यू सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडचणीचा टापू ओलांडून पुढे जातो, नंतर त्या टापूच्या कडा निश्चित करतो आणि सर्वात शेवटी आतले सेक्टर एकेक करून वाचायला घेतो; त्यामुळे डिस्क मध्येच कायमची बंद पडली तरी बराचसा ऐवज तोवर हाती आलेला असतो. कोणता भाग वाचून झाला आणि कोणता राहिला याची नोंद तो मॅपफाईलमध्ये ठेवतो. वीज गेली किंवा तापलेली डिस्क थंड करण्यासाठी काम थांबवावे लागले, तरी त्याच जागेवरून पुढे सुरू करता येते, आणि माझ्या मते ही या प्रोग्रॅमची सर्वात मोलाची सोय आहे.

प्रत हाती आल्यावर शोधाशोध तिच्यावर करावी. डिस्कच्या विभाजनांची (पार्टिशनांची) नोंद हरवली असेल तर ती परत शोधून देणारे टेस्टडिस्क हे सॉफ्टवेअर वापरावे. हरवलेल्या फाईल शोधणाऱ्या फोटोरेक या सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतर यावी, कारण ते फाईल त्यांच्या अंतर्गत रचनेवरून ओळखते आणि मूळ नावे व फोल्डर सहसा परत मिळत नाहीत. आमच्या बाबतीत बहुतेक छायाचित्रे नावांसह मिळाली, काही अर्धवट निघाली.

उणीव एकच, पण गंभीर आहे. खिडक्या आणि बटणे नाहीत, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आज्ञा टाईप करावी लागते, आणि मूळ डिस्क व लक्ष्य डिस्क यांच्या नावांची अदलाबदल झाली तर वाचवायचा डेटाच पुसला जातो. म्हणून दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक ताडून पाहिल्याशिवाय एंटर दाबू नये. टर्मिनलची सवय नसलेल्याने जाणकाराला शेजारी बसवावे.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती पडली असेल, तर मात्र हा प्रोग्रॅम चालवूच नये. वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते आणि बिघडलेले हेड प्रत्येक फेरीत तबकडी खरवडू शकते. अशी डिस्क घरी उघडू नये, पुन्हा चालू करून पाहू नये. धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे द्यावी आणि खर्चाचा लेखी अंदाज आधी मागून घ्यावा.