निवृत्त ग्रेहाउंड की व्हिपेटचं पिल्लू?

सोलापूर-लातूरकडचा कारवानी कुत्रा पाहिलेल्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल: खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय. इंग्लंडात घर केलेल्यांसमोर मात्र बहुधा याच ठेवणीच्या कुत्र्यांचे हे दोन पर्याय येतात.

ग्रेहाउंड शर्यतीतून निवृत्त झालेला मिळतो, साधारण तीन-चार वर्षांचा. खांद्यापाशी उंची 70 सेंमीच्या आसपास, वजन 30 किलोच्या घरात. ओट्यावरची पोळी सांभाळा. आधीचं आयुष्य केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठीत गेलेलं, त्यामुळे जिना, काचेचं दार, वॉशिंग मशीन, सगळंच नवं. पहिल्या पायरीशी ताठ उभा राहतो. त्याचा एकेक पाय आपणच उचलून ठेवायचा. एकदा रुळला की दिवसभर सोफा त्याचा.

व्हिपेट 15 किलोच्या आतबाहेर. लहान फ्लॅटला सोयीचा, रात्री पांघरुणात शिरणारच. पण पिल्लू म्हणजे शू-शी, कुरतडलेल्या चपला. मांजर असेल तर लहानपणापासून दोघांना एकत्र वाढवता येतं, हा मोठा फायदा. ग्रेहाउंडची आधी मांजरासमोर परीक्षा घ्यावी लागते.

खार दिसली की हाक दोघांनाही ऐकू येत नाही, तेव्हा पट्टा हवाच. नोकरदारांनो, माझं ऐकाल तर ग्रेहाउंडच आणा. फक्त झोपलेल्याला हात लावू नका, काही दचकून गुरगुरतात. पोरांना हे पहिल्याच दिवशी बजावा.