शुगर उतरली म्हणून गोळ्या सुटल्या

बाबांची उपाशीपोटीची शुगर 112 आली, त्या दिवशी मायनं हौसेनं गोड शिरा केला होता. नऊ वर्षांच्या मधुमेहात एवढा खालचा आकडा आम्ही पाहिला नव्हता. बाजारातला एक चूर्णवाला ठग आम्हाला त्या 112 वरच जिंकून गेला, म्हणून हे लिहितोय.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू कापूस-तुरीवाले. दिवाळीनंतर बाबांना अटॅक आला. नागपूरला नेलं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून स्टेंट बसला. घरी येताना गोळ्यांची पिशवी आली: रक्त पातळ करणाऱ्या दोन, कोलेस्टेरॉलची रात्रीची एक, बीपीच्या, शुगरच्या. दिवसाला मोजून आठ. "एवढ्या गोळ्या त ढोरालेही देत नाही कोणी," असं बाबा रोज म्हणायचे.

फाल्गुनात आठवडी बाजारात तो भेटला. ढोरांच्या बाजाराकडेला चादर, मागं हृदयाच्या नसांचं भलंमोठं रंगीत पोस्टर, समोर ग्लुकोमीटर. तपासणी फुकट. बाबा नुकतेच भजे आणि गोड चहा घेऊन आलेले, आकडा 286. खाल्ल्यावर शुगर चढणारच, पण तो म्हणाला, "काका, अंग्रेजी गोळ्या खाऊन एवढी? मंग त्या गोळ्या जातात कुठं? किडनीत!" तीन महिन्यांचं चूर्ण, साडेसात हजार रुपये. म्हणजे क्विंटलभर कापूस गेला समजा. शुगर मुळातून जाणार, ब्लॉकेज विरघळणार, पथ्य काहीच नाही. अट एकच, आधीच्या सगळ्या गोळ्या बंद. नाहीतर म्हणे चूर्ण लागू पडत नाही.

मी भांडलो. मी बी.एस्सी. झालेला, घरात शिकलेला तेवढा मीच. पण दहा दिवसांत 112 दिसल्यावर माझंही तोंड बंद झालं. गावातल्या आणखी तिघांनी आमचं पाहून पुड्या घेतल्या, ते वेगळंच.

महिनाभरानं एका पहाटे बाबा घामानं चिंब, हात थरथरताहेत, मला ओळखेनात. मीटरवर 48. मायनं साखरपाणी पाजलं तेव्हा भानावर आले. चूर्णवाल्याला फोन केला तर म्हणे, "विष निघून राहिलं शरीरातून. अर्धी पुडी द्या." आम्ही तेही ऐकलं! डॉक्टर नंतर म्हणाले, अशा चुर्णांत ग्लायबेनक्लामाइडसारखी शुगर उतरवणारी स्वस्त गोळी कुटून घातलेली सापडते. आमच्या पुडीतही तेच असावं, हा त्यांचा संशय. म्हणजे अंग्रेजी गोळी सोडून आम्ही बहुधा अंग्रेजी गोळीच खात होतो, तीही माप नसलेली.

मृगाच्या तोंडावर, बियाणं आणायच्या आदल्या रात्री, बाबांना आडवं होता येईना. आडवं झालं की दम लागायचा. छातीत जराही दुखत नव्हतं, म्हणून आम्ही गॅस समजून ओवा आणि काळं मीठ देत बसलो. पूर्ण रात्र अशी घालवली. सकाळी ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला आणि तिथल्या डॉक्टरांनी लगेच 108 बोलावली. स्टेंट आतून गुठळीनं बंद झाला होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी ओरडण्याऐवजी कागदावर नस काढून दाखवली. स्टेंट म्हणजे नस उघडी ठेवणारी धातूची जाळी. तिच्यावर नसेचं आतलं अस्तर नीट चढेपर्यंत रक्त तिथं गोठू पाहतं. म्हणून अटॅकनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, त्यानंतरही बहुतेकांना एक कायमची. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट चांगला आला तरी चालूच ठेवायची, कारण ती नसेतला चरबीचा थर फुटू देत नाही. मधुमेहानं दुखणं कळवणारे मज्जातंतू बोथट होतात, त्यामुळं अटॅक न दुखताही येतो. धाप, थंड घाम, एकाएकी थकवा, एवढीच काय ती खूण. हे आधी कोणी सांगितलं असतं तर ती ओव्याची रात्र वाचली असती. की दिवाळीत सांगितलं होतं आणि आम्हीच ऐकलं नाही, तेही आता आठवत नाही.

हृदयाचं पंपिंग 55 वरून 35 टक्क्यांवर आलं. ते पूर्ण परत येईलच असं नाही. आता शुगरची एक नवी गोळी आहे, एम्पाग्लिफ्लोझिन, जी हृदय फेल होण्याचा धोकाही कमी करते. ती पूर्वी आम्हाला परवडली नसती. मार्च 2025 मध्ये तिचं पेटंट संपलं आणि भाव उतरले. दर तीन महिन्यांनी एचबीए1सी ही रक्ताची तपासणी होते, कारण तिच्यात तीन महिन्यांची सरासरी दिसते. भज्यांनंतरच्या एका थेंबावर आम्ही आता भुलत नाही.

मधुमेह किंवा हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे. म्हणजे ते पोस्टरच पुरावा होतं आणि आम्ही त्याचा फोटोही काढला नाही. बिल नव्हतंच. त्या ठगाचा फोन तर दुसऱ्या अटॅकच्या दिवसापासूनच बंद. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार दिलीय. उरलेल्या सतरा पुड्या वर्तमानपत्राच्या कागदासकट स्टीलच्या डब्यात ठेवल्यात, तपासायला मागतील तेव्हा द्यायला.

माय त्या डब्याला हात लावत नाही. बाबा मात्र कधीमधी त्याच्याकडं पाहून हळूच म्हणतात, "पण शुगर त उतरली होती नं रे?"