मस्टँग घेताय? आधी मार्टी रिपोर्ट मागवा

जुनी फोर्ड विकणारा माणूस "हा रंग फार रेअर आहे बरं का" म्हणाला की खिशातून चेकबुक काढू नका, फोन काढा आणि गाडीचा व्हिन नंबर (ओळख क्रमांक) टाकून मार्टी रिपोर्ट, म्हणजे गाडी कारखान्यातून कशी निघाली होती याचा दाखला, मागवा. गाडी तुमच्या नावावर असायची गरज नाही. मी विकत घेण्याआधीच मागवला आणि चांगलेच पैसे वाचले.

गाडी होती फोर्डची 1967 ची मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छपराची), 289 घनइंचाचं इंजिन, इथे डेन्व्हरलाच. अंगावर सुरेख आकाशी निळा रंग आणि बाजूला 'हाय कंट्री स्पेशल'चा बिल्ला. कोलोरॅडोत राहणाऱ्या मस्टँगवेड्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. इथल्या फोर्ड डीलर्ससाठी खास रंगांत आलेल्या या गाड्या. कोलंबाइन ब्लू, टिंबरलाइन ग्रीन, अ‍ॅस्पेन गोल्ड अशी रंगांची नावंही इथल्या डोंगरांतली. कोलंबाइन हे तर राज्याचं फूल. 1966 साली अशा 333 गाड्या निघाल्या, पुढची दोन वर्षंही हा प्रकार चालू राहिला. विकणाऱ्याने किंमतही त्याच तोऱ्यात सांगितली.

ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला फोर्डची एक छोटी धातूची पट्टी असते. तीवर बॉडी, रंग, सीटचं कापड, तारीख, डीएसओ वगैरे कोड ठोकलेले असतात. डीएसओ म्हणजे गाडी कुठल्या विक्री विभागासाठी बनली तो आकडा, डेन्व्हरचा 51. खास ऑर्डरचा रंग असेल तर रंगाचा रकाना कोरा सोडायचे आणि 51 च्या पुढे आणखी चार आकडे यायचे. या गाडीवर अगदी तसंच होतं. रकाना कोरा, आकडे हजर. फक्त बिजागरीला साठ वर्षांचा गंज आणि पट्टीचे रिव्हेट मात्र कालच दुकानातून आणल्यासारखे चकचकीत! अशा पट्ट्या हल्ली नव्या करून मिळतात. गंमत म्हणजे मार्टीवालेही त्या बनवून विकतात.

केव्हिन मार्टींच्या अ‍ॅरिझोनातल्या या कंपनीकडे फोर्डचा 1967 पासूनचा उत्पादनाचा डेटा आहे, तोही फोर्डकडून रीतसर लायसन्स घेऊन. रिपोर्ट तीन प्रकारचे: स्टँडर्ड, डिलक्स आणि एलिट. मी डिलक्स घेतला, कारण त्यात दारावरची मूळ पट्टी कशी होती तिचं चित्र छापलेलं असतं. मला तेवढंच हवं होतं.

चित्रात रंगाच्या रकान्यात ठसठशीत 'आय'. म्हणजे लाइम गोल्ड, कॅटलॉगमधला नेहमीचा हिरवट सोनेरी. डीएसओ नुसता 51. गाडी खरीच डेन्व्हरची, सॅन होजेच्या कारखान्यातली, बाकी सगळं बरोबर. फक्त 'स्पेशल' काही नाही.

कागद दाखवल्यावर साहेब म्हणाले, कंपनीच्या नोंदीत घोळ असेल. मी डिकीतली मॅट उचलायला लावली. कोपऱ्यात, रबरी पट्टीच्या खाली, रंगाऱ्याचा स्प्रे जिथे पोचला नव्हता तिथे लाइम गोल्डचा तळहाताएवढा पट्टा होता. पुढची घासाघीस मग फार लांबली नाही. साध्या मस्टँगच्या भावात ती आता माझ्या गॅरेजमध्ये आहे, आणि निळा रंग मी काढणार आहे. लाइम गोल्डला लोक नाकं मुरडतात, मला आवडतो.

रिपोर्टची मर्यादाही सांगतो. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती, एवढंच तो सांगतो. नंतर कोणी किती लांबी (पुट्टी) भरली, इंजिन कुठलं टाकलं, ते तुमचं तुम्ही बघायचं. 1966 आणि त्याआधीच्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही, म्हणजे हाय कंट्रीच्या पहिल्या 333 ना सुद्धा. शेवरलेवाल्यांचे तर फारच हाल, त्यांच्या बहुतेक गाड्यांचा असा कारखान्याचा डेटाच नाही. 1969 च्या शेवरले कॅमॅरोच्या ट्रिम टॅगवर (तिच्या कोडच्या पट्टीवर) रंगाच्या जागी दोन आडव्या रेघा दिसल्या की खास रंग एवढं कळतं, कुठला ते कागदपत्रं असतील तर! पाँटिअ‍ॅकवाले नशीबवान, त्यांना पीएचएसकडून (पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मूळ बिलाची प्रत मिळते.

एलिट रिपोर्ट भिंतीवर लावायला देखणा आहे, आणि त्यात "अशा इतक्याच गाड्या" असे आकडे येतात. पण ते आकडे जपून वाचा. रंग धरला की हजारो, सीटचा रंग जोडला की शेकडो, मग रेडिओ, मग एसी, आणि चार ओळी खाली गेलात की तुमची गाडी जगात एकमेव. अशी 'एकमेव' गाडी प्रत्येक कार शोमध्ये रांगेने उभी असते. विकणाऱ्याने एलिटची फ्रेम पुढे केली तर शेवटची ओळ सोडा, फक्त रंगाची ओळ वाचा. स्वतः मागवणार असाल तर डिलक्स पुरतो.