मिक्सरमागची पिन आता निसटत नाही: खटक्याच्या पॉवर केबलचा अनुभव

दादरमधील आमच्या हौशी नाट्यसंस्थेत ध्वनीची बाजू मी सांभाळतो. एका प्रयोगात दुसरा अंक रंगात आला असताना कोणाचा तरी पाय केबलला लागला, डिजिटल मिक्सरमागची (सर्व माइक व संगीताचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रामागची) पिन क्षणभर ढिली झाली आणि मिक्सर संगणकाप्रमाणे पुन्हा सुरू होईपर्यंत नटांना तो प्रसंग संगीताविना निभावून न्यावा लागला. त्या रात्री मला फार वाईट वाटले.

माइकच्या एक्सएलआर केबलला खटका असतो आणि तो दाबल्याशिवाय ती सुटत नाही. मात्र ज्या केबलवर सारे यंत्र चालते ती, म्हणजे संगणकाला लावतात तीच सी-13 केबल, आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या पकडीवरच टिकून असते. सततच्या काढघालीने ही पकड सैल होते, संपर्काचा रोध वाढतो, तिथे उष्णता साठते आणि त्या उष्णतेने पट्ट्या आणखी ढिल्या पडतात. इतके दिवस आम्ही टेप लावत होतो, परंतु मुंबईच्या दमट हवेत टेप सुटतो आणि यंत्रावर चिकट थर तेवढा उरतो.

लॅमिंग्टन रोडवरून मी खटका असलेली सी-13 केबल आणली. तिच्यातील पकड मिक्सरच्या अर्थिंगच्या पिनेवर घट्ट बसते आणि लाल कळ मागे ओढल्यावरच सुटते, त्यामुळे मिक्सरमध्ये काहीही बदल करावा लागला नाही. काही कंपन्यांच्या केबलना यंत्राच्या बाजूलाही जुळणारी खाच लागते, म्हणून घेण्यापूर्वी हे अवश्य विचारावे. किंमत साध्या केबलपेक्षा बरीच जास्त आहे, तरी मला ती योग्य वाटते.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. केबल निसटत नाही म्हणजे बसणारा हिसका थेट यंत्रावर जातो. पाय अडकला तर मिक्सरच टेबलावरून खाली येईल. म्हणून मी केबलचा एक वेढा टेबलाच्या पायाला बांधून, मिक्सरपर्यंतचा भाग सैल ठेवतो. दुसरे असे की, भिंतीकडचा तीन पिनांचा प्लग पूर्वीइतकाच मोकळा राहतो, आणि परदेशी प्लगची केबल घेऊन मध्ये अ‍ॅडॉप्टर लावल्यास आणखी एक ढिला सांधा तयार होतो. भारतीय प्लग असलेलीच केबल मागावी.

त्या भिंतीकडच्या टोकासाठी लोहार चाळीतून 16 अँपिअरचा निळा औद्योगिक प्लग व सॉकेट घेऊन परवानाधारक वायरमनकडून आमच्या वीज वितरण पेटीवर बसवून घेतला. सॉकेटच्या झाकणाची कड प्लगला अडकून राहते आणि अर्थिंगची जाड पिन चुकीच्या छिद्रात जातच नाही. त्यानंतरच्या चार प्रयोगांत दोन्ही टोके जागची हलली नाहीत. आता पार्श्वसंगीताच्या अँप्लिफायरसाठी अशीच दुसरी केबल घेणार आहे.