उघड्या टपाच्या जुन्या गाडीत सबवूफर: सीटखाली, पायाशी की डिकीत?

माझ्या जुन्या दोन आसनी गाडीत पहिला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे घुमणारे सूर (बास) वाजवणारा स्पीकर, मी डिकीत बसवला होता. दहा इंची, जाड प्लायच्या खोक्यातला. टप चढवून, काचा लावून गॅरेजमध्ये वाजवला तेव्हा आतला आरसा थरथरला आणि मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी टप खाली घेऊन रस्त्यावर निघालो आणि बास गायब. सिग्नलला थांबलो तर मागच्या गाडीतला माणूस ठेक्यावर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलाच प्रकार.

तेव्हापासून कुणी ‘किती वॅटचा घेऊ?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, ‘ठेवणार कुठे?’ उघड्या गाडीत जागा चुकली तर वॅट वाढवून फारसं काही साधत नाही.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढची निवड सोपी जाईल. बंद गाडीची केबिन खालच्या सुरांना फुकट मदत करते. 50 हर्ट्झच्या सुराची लांबी जवळपास 7 मीटर असते आणि गाडीची केबिन त्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यामुळे तिथे लाट अशी पसरतच नाही, सबवूफरचा पडदा आतल्या हवेवर दाब देत राहतो आणि साधारण 70 हर्ट्झच्या खाली बास आपोआप चढत जातो. टप काढला की ही मदत संपली. मग खोकं मोकळ्या मैदानात ठेवल्यासारखं वागतं: अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. उलट बाजूने पाहा. खोकं निम्म्या अंतरावर आणलं की तेच 6 डेसिबल मिळतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून ते वसूल करायचे तर चौपट ताकद लागते. त्यात वाऱ्याची आणि टायरांची घरघरही खालच्या सुरांतलीच, म्हणजे ती नेमकी बासवरच बसते. धावत्या उघड्या गाडीत 30 हर्ट्झचा नाद ऐकायची हौस सोडून द्या. 50 ते 90 हर्ट्झचा पट्टा नीट मिळाला की ढोलकीचा ठोका आणि बास गिटार दोन्ही जिवंत होतात, आणि तेवढं काम आठ इंची छोटा सबवूफर करतो.

सीटखालचा चपटा सबवूफर

पायोनियर, केनवूड, अल्पाइन, जेबीएल या सगळ्यांकडे हा प्रकार मिळतो. सात-आठ सेंटिमीटर उंचीचं अ‍ॅल्युमिनियमचं चपटं खोकं, आत सहा किंवा आठ इंची स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरही त्यातच. खोक्यावर 150 वॅट छापलेलं असलं तरी तो कमाल आकडा आहे. सतत मिळणारी ताकद, म्हणजे आरएमएस, साधारण त्याच्या निम्मी धरा. तरीही माझा कौल बहुतेकांसाठी यालाच. कानापासून मीटरभराच्या आत, शिवाय मांडीखालून थोडा हादराही मिळतो.

अडचण एकच, पण मोठी: जुन्या रोडस्टरची, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीची, सीट जमिनीला टेकल्यासारखी असते. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांच्याखाली लाकडी फळ्या असतात, आणि सीटखाली उंची मिळते ती जेमतेम त्यांच्या जाडीएवढी. आणि माप घेताना सगळे एकच चूक करतात, रिकाम्या सीटखाली टेप लावतात. जुन्या सीटच्या तळाशी रबरी पडदा किंवा वीणलेले पट्टे असतात आणि माणूस बसला की ते खाली झोळ घेतात. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा सैलसर गोळा करून सीटखाली मधोमध ठेवा, गाडीतला सगळ्यात वजनदार माणूस बसवा, एखाद्या खड्ड्यातून गाडी न्या आणि मग चेपलेला गोळा काढून मोजा. माझ्या गाडीत रिकाम्या सीटखाली 9 सेंटिमीटर जागा होती, गोळा निघाला साडेसहाचा. खोकं होतं सातचं. टेपवर विश्वास ठेवला असता तर पहिल्याच गतिरोधकावर झोळ खोक्याच्या जाळीवर आदळला असता.

सीट पुढे-मागे सरकवून बघा, वायर सरकत्या पट्ट्यात अडकते का तेही बघा. शक्यतो बाजूच्या सीटखालीच बसवा, म्हणजे सुटलेलं काहीही पेडलपर्यंत जाणार नाही. आणि ओलावा. जुन्या टपाच्या गाडीत पाऊस येतोच, दाराच्या रबरातून येतो आणि कार्पेटखाली साचून राहतो. खोकं थेट कार्पेटवर न ठेवता सीटच्याच बोल्टमध्ये पकडलेल्या पट्टीवर बोटभर उचलून बसवलं की अ‍ॅम्प्लिफायर वाचतो. नवं भोकही पाडावं लागत नाही.

पायापाशी बंद खोकं

आवाजाच्या दृष्टीने हा सीटखालच्यापेक्षा सरस, हे मान्य करायला हवं. बाजूच्या माणसाच्या पायांपुढे, जिथे जमीन आणि इंजिनाकडचा पत्रा मिळतात, त्या कोपऱ्यात दहा-बारा लिटरचं तिरकं खोकं बसवायचं आणि त्यात कमी खोलीचा आठ किंवा दहा इंची स्पीकर. कोपऱ्यामुळे आवाजाला आयता आधार मिळतो आणि स्पीकरला श्वास घ्यायला पुरेशी हवाही. पण शेजारी बसणारा माणूस उंच असेल तर गुडघे छातीशी घेऊन बसेल. त्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो, जाळी पायाचा भार सोसेल इतकी जाड हवी, आणि जुन्या गाडीत हीटरचं पाणी नेमकं याच कोपऱ्यात ठिबकतं. तुम्ही बहुतेक वेळा एकटेच फिरत असाल तर जरूर विचार करा.

डिकी

टप बहुतेक वेळ चढवलेला असेल तरच. जुन्या कन्व्हर्टिबलमध्ये डिकी आणि केबिनच्या मध्ये पत्रा असतो, त्यामागे घडी केलेला टप. बासला आत यायला वाटच नसते, आणि डिकीचं झाकण मात्र छान खडखडतं. तरी बसवणारच असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: डिकीच्या तळाला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. एमजीबीची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच टांगलेली आहे. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 मध्ये, म्हणजे 1989 मध्ये आलेल्या मॉडेलमध्ये, बॅटरीच डिकीत असते. तिथे वायर छोटी लागते हा फायदा, पण बॅटरीचा गॅस बाहेर नेणारी नळी खोक्याखाली चेंगरता कामा नये.

याच एमएक्स-5 च्या काही गाड्यांत सीटच्या डोक्याच्या उशीत छोटे स्पीकर यायचे. ते बनवणाऱ्यांना दुखणं बरोबर कळलं होतं: टप उघडा असेल तर आवाज कानाशी न्यायचा.

सीटमागची नळी

दोन सीटच्या गाडीत यावर वेळ घालवू नका, टप घडी केला की जागाच उरत नाही. मागे छोटी सीट असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ बीटलच्या कॅब्रिओलेमध्ये, मागच्या पायांच्या जागेत गोल नळीचा सबवूफर आडवा मावतो आणि बरा वाजतो. पट्ट्याने पक्का आवळा, ब्रेक दाबला की सुटी नळी पुढे येते.

बास शेकर

हा सबवूफर नव्हे, पण सीटखाली जागाच नसेल तर हाच पर्याय. मुठीएवढी किंवा बशीएवढी मोटर, ती हवा न हलवता सीटची चौकटच हलवते. हवेचा संबंध नसल्यामुळे टप उघडा की बंद, वारा किती, याने काही फरक पडत नाही. 25 ते 50 वॅटमध्ये एक सीट भागते. बसवायचा तो लोखंडी चौकटीला. रबरी पडद्याला किंवा स्प्रिंगला लावला तर सगळा हादरा तिथेच जिरतो.

उणीव अशी की त्यातून ठोका कळतो, सूर कळत नाही. बास गिटार वर चढली की खाली उतरली हे पाठीला सांगता येत नाही. शिवाय शेजारच्या सीटला वेगळा शेकर लागतो. माझी खरी तक्रार दुसरीच आहे: जुनी गाडी चालवणारा माणूस अर्धी गाडी बुडानेच ऐकतो. प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट ढिला झाला तर ते आधी सीटला कळतं. शेकर चालू असला की ती खबर उशिरा पोचते.

वीज: इथे खरी निवड होते

गाडी 1960 च्या दशकातली असेल तर बॉनेट उघडून इंजिनावर वीज बनवणारा जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे की नंतरचा अल्टरनेटर ते आधी बघा. ल्युकासचा सी40 डायनॅमो पूर्ण वेगात 22 अँपिअर देतो आणि इंजिन आयडलवर असताना जवळपास काहीच देत नाही. हेडलाइट आणि इग्निशनच त्यातले तेरा-चौदा खातात. सीटखालचा छोटा सबवूफर गाणं वाजवताना सरासरी दोन-तीन अँपिअर ओढतो, ठोक्याला क्षणभर सात-आठ. हे चालून जातं. डिकीतला 500 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर ठोक्याला 50 अँपिअर मागतो, आणि मग हेडलाइट गाण्याच्या तालावर मिचकावू लागतात. वर सांगितलेलं चौपट ताकदीचं गणित इथे कामी येतं: जवळ ठेवा, कमी वीज लागेल.

दुसरं, अर्थिंग. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजचा प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर निगेटिव्ह अर्थ गृहीत धरतो. रेडिओकडून आवाज आणणाऱ्या सिग्नलच्या वायरचं बाहेरचं आवरणही निगेटिव्हलाच जोडलेलं असतं, त्यामुळे ‘उलट्या वायरी लावून बघू’ म्हटलं की धूर. गाडी निगेटिव्ह अर्थवर आणता येते: बॅटरीची टोकं बदलायची, डायनॅमोला नवी पोलॅरिटी द्यायची, कॉइलच्या आणि असेल तर अँमीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या. पण हे काम जुन्या गाड्यांच्या माहितगार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि बॉनेटखाली ठळक चिठ्ठी लावा, म्हणजे पुढचा मेकॅनिक बॅटरी उलटी लावणार नाही. गाडी 6 व्होल्टची असेल तर मात्र सबवूफरचा विचारच बाजूला ठेवा, कारण हे अ‍ॅम्प्लिफायर 12 व्होल्टवर चालतात.

वायर थेट बॅटरीपासून घ्या, 6 चौरस मिलिमीटरची पुरते. फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवा, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो, सबवूफरला नाही. पत्र्यातून वायर जाईल तिथे रबरी ग्रोमेट. जुन्या रेडिओतून सबवूफर चालू-बंद करणारी वायर निघत नाही. ती किल्लीच्या अ‍ॅक्सेसरी टोकावरून घ्या, नाहीतर सबवूफर रात्रभर बॅटरी चाटत बसतो.

आवाज जुळवताना सबवूफरची वरची मर्यादा 80 ते 90 हर्ट्झवर ठेवा. त्याहून वर नेली की गायकाचा आवाज सीटखालून येऊ लागतो. दाराचे किंवा डॅशचे छोटे स्पीकर 100 हर्ट्झच्या खाली वाजू देऊ नका. बासचं ओझं उतरलं की ते अधिक मोकळे आणि मोठे वाजतात. खरं तर कधीकधी सबवूफर बसवल्यावर सगळ्यात जास्त फरक तिथेच ऐकू येतो. फेजचं, म्हणजे पडद्याची हालचाल उलट-सुलट करणारं, बटण 0 आणि 180 वर करून, ड्रायव्हरच्या जागी बसून, जिथे ठोका भरीव वाटेल तिथे सोडून द्या. आणि वायरने जोडलेलं बासचं बटण मिळत असेल तर ते हाताशी बसवा, कारण टप चढवला की तोच बास अंगावर येतो.

विकत घेण्याआधी एखाद्या मित्राचा सीटखालचा सबवूफर तासभर मागून आणा. बाजूच्या सीटपुढे जमिनीवर ठेवून पट्ट्याने बांधा, फ्यूज लावून तात्पुरती वायर जोडा आणि टप खाली करून नेहमीच्या वेगाने फिरून या. पायाशी ठेवून पुरेसा वाटला तर सीटखाली साधारण तसाच वाटेल. तिथेही कमी पडला तर मोठं खोकं शोधत बसण्याआधी टायर आणि दारांची रबरं तपासा.